हवेला चकाकी दिसत नाही

घरी बांधलेल्या विमानावर आरशासारखा रंग चढवला की त्याचा वेग वाढतो, हा समज होमबिल्ट विमानांच्या जगात इतका मुरला आहे की तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात अशा विमानांचा मोठा मेळा भरतो. तिथे उत्तम कारागिरीला ग्रँड चॅम्पियनचा मान मिळतो, आणि कारागिरीतला सगळ्यांत आधी डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे रंगकाम. देखण्या विमानाला लोक वेगवान समजू लागले ते अशा वातावरणात. आपल्याकडे हा छंद दुर्मीळच आहे. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले विमान 2016 साली बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि पुढच्या वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, तेव्हा विमान घरीही बांधता येते हे अनेक मराठी वाचकांना पहिल्यांदा कळले. पण हवा ऑशकॉशला वेगळी आणि मुंबईला वेगळी वागत नाही. चकाकी म्हणजे वेग, हे समीकरण दोन्हीकडे सारखेच चुकीचे आहे. रंगामुळे हवेच्या वागण्यात फरक पडतो, कधीकधी तर जिवावर बेतण्याइतका पडतो. मात्र तो रंगाच्या चमकेमुळे पडत नाही.

मुळात चमक कशाने येते ते पाहू. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉनच्या दरम्यान असते. पृष्ठभागावरचे खाचखळगे त्याहून बरेच लहान असले की प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि आपल्याला चेहरा दिसतो; ते मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे झाले की प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग मॅट दिसतो. आता हवेची मोजपट्टी पाहा. पृष्ठभागाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराला सीमाथर म्हणतात; टर्ब्युलंट, म्हणजे घुसळत जाणाऱ्या सीमाथराखाली खडबडीतपणा किती खपतो याचा एक जुना, पाठ्यपुस्तकी ठोकताळा आहे: हवेच्या गतिज श्यानतेला वेगाने भागा आणि शंभरने गुणा. ताशी 300 किलोमीटरने जमिनीलगत उडणाऱ्या विमानासाठी हे उत्तर साधारण 17 मायक्रॉन येते, अडीच हजार मीटर उंचीवर 21 मायक्रॉनच्या आसपास. विमान ताशी 150 किलोमीटरचे असेल तर मर्यादा दुप्पट सैल होते. या मर्यादेच्या आतला सगळा खडबडीतपणा सीमाथराच्या तळाशी असलेल्या अतिशय पातळ, चिकट थरात बुडून जातो आणि हवेच्या लेखी तो पृष्ठभाग गुळगुळीतच ठरतो. डोळा अर्ध्या मायक्रॉनवर भुलतो, हवा वीस मायक्रॉनपर्यंत हूं की चूं करत नाही. या दोन मोजपट्ट्यांमधल्या चाळीसपट अंतरात चकाकीवर होणारा सगळा खर्च जिरून जातो.

हा नुसता ठोकताळा आहे असे कोणी म्हणेल, म्हणून विमान आरेखनाच्या वर्गांत सर्रास वापरले जाणारे डॅनियल रेमर यांचे पुस्तक उघडावे. त्यात निरनिराळ्या पृष्ठभागांच्या समतुल्य खडबडीतपणाचा तक्ता आहे. मायक्रॉनमध्ये मांडले तर ॲल्युमिनियमवरचा मॅट कॅमुफ्लाज रंग सुमारे 10, गुळगुळीत रंग 6 च्या थोडा वर, कारखान्यातून आलेला साधा पत्रा 4, पॉलिश केलेला पत्रा दीड आणि साच्यातून निघालेले कंपोझिट अर्धा. तक्ता पाहून पहिली प्रतिक्रिया हीच होते की कॅमुफ्लाजपेक्षा कंपोझिट वीसपट गुळगुळीत आहे, म्हणजे केवढा फायदा! पण त्याच पुस्तकातले पुढचे सूत्र वापरून व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेतल्या एखाद्या दोन आसनी विमानाचा सुमारे 1.47 मीटर रुंदीचा पंख तपासला, तर ताशी 300 किलोमीटरला रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले पंखाची रुंदी, भागिले गतिज श्यानता) 80 लाखांच्या आसपास येतो, आणि कॅमुफ्लाज रंगाचा खडबडीतपणा हवेचा रोध वाढवायला लागतो तो अंक एक कोटीच्या पुढे असतो. सैन्याच्या मॅट रंगातला पंखसुद्धा या वेगाला गुळगुळीतांतच मोडतो. मग चमकदार रंगावर आणखी तीन वेळा बफिंग करून नेमके काय मिळवायचे, हे चकाकीवाल्यांनी सांगावे.

यावर स्पिटफायरचा दाखला हमखास पुढे येतो. 1930 च्या दशकात सुपरमरीन कंपनीने या लढाऊ विमानाच्या पहिल्या नमुन्यावर, सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर, वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून ते उडवून पाहिले. स्वस्त, गोल डोक्याचे रिव्हेट वापरले तर किती नुकसान होईल हे त्यांना जाणून घ्यायचे होते. सगळीकडे डाळ असताना वेग ताशी 22 मैलांनी, म्हणजे सुमारे 35 किलोमीटरनी घटला. गोष्ट खरी आहे आणि मजेशीरही, पण ती रंगाच्या बाजूने साक्ष देत नाही. वाटाण्याच्या डाळीचा दाणा काही मिलिमीटर उंच असतो, रंगाच्या पोतापेक्षा शेकडो पटींनी मोठा. शिवाय या प्रयोगाचा उत्तरार्ध सांगायचा राहून जातो: कंपनीने डाळ भागाभागाने काढत नेली, आणि कुठे सपाट रिव्हेट हवेतच आणि कुठे गोल डोक्यांनी भागेल हे ठरवले. पंखांवर सपाट रिव्हेट राहिले, धडाच्या बऱ्याच भागावर गोल आले. गुळगुळीतपणाची किंमत जागेनुसार बदलते, हा त्या डाळीचा खरा निष्कर्ष. शेपटीजवळच्या धडावर आणि पंखाच्या पुढच्या कडेवर सारखीच मेहनत घेणारा कारागीर कष्टाळू असेल, पण त्याचे निम्मे कष्ट हवेच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

प्रतिपक्षाचा खरोखर वजनदार मुद्दा लॅमिनार प्रवाहाचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून काही अंतर हवा थरावर थर ठेवल्यासारखी शिस्तीत सरकते. नंतर ती शिस्त मोडते आणि सीमाथर टर्ब्युलंट होतो. सपाट पृष्ठभागासाठी, रेनॉल्ड्स अंक 50 लाख असताना, पूर्ण टर्ब्युलंट थराचे घर्षण लॅमिनारच्या पाच-सहा पट असते. तेव्हा शिस्त जितकी मागे टिकवता येईल तितका फायदा, आणि ती टिकवायला पृष्ठभाग चांगला हवा, यात वाद नाही. वाद आहे तो ‘चांगला’ म्हणजे काय यावर. नासाच्या लँगली केंद्रातल्या ब्रूस होम्स आणि सहकाऱ्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात बर्ट रूटान यांची व्हॅरिईझ आणि लाँग-ईझेड ही होमबिल्ट विमाने होती, तशीच कारखान्यात तयार झालेली काही विमानेही होती. उडून जाणाऱ्या रसायनाचा पातळ लेप पृष्ठभागावर देऊन प्रवाह कुठे मोडतो हे त्यांनी प्रत्यक्ष उड्डाणात पाहिले. पृष्ठभागावर खास संस्कार न करताही या आधुनिक विमानांवर लॅमिनार प्रवाह बऱ्याच मागेपर्यंत टिकतो, असे दिसले. तिथे ना आरसा लागला, ना स्पर्धेचे बफिंग. लागला तो आकाराचा नेमकेपणा आणि लाटांचा अभाव.

लाटा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण रंगाच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. पृष्ठभाग हाताला लोण्यासारखा लागू शकतो, त्यात चेहराही दिसू शकतो, आणि तरी पाच सेंटिमीटरच्या अंतरात तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाने वरखाली होत असू शकतो. अशी लाट रंगाने येत नाही आणि रंगाने जातही नाही. ती लांबी भरताना आणि घासताना येते. लहान लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासणारा माणूस मऊ जागा खोल खणतो आणि कडक जागा उंच सोडतो. लांब, सरळ फळीने तिरके घासणारा माणूस लाट मारतो. ग्लायडरवाले हे काम डायल गेज लावून तपासतात, आणि त्यांच्यातले कित्येकजण शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा देऊन पंख मॅट ठेवतात. ज्यांचा सगळा खेळ रोधाच्या शेवटच्या टक्क्यावर चालतो त्यांना चकाकीची गरज भासत नाही, एवढी एक गोष्ट खरे तर वाद मिटवायला पुरावी. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाची हकिगत याच्याच दुसऱ्या टोकाची आहे. तिच्या लॅमिनार पंखावरचे सांधे आणि रिव्हेट लांबी भरून, घासून, रुपेरी रंगाने झाकले जात. धड मात्र पुढच्या काळात उघड्या पत्र्याचेच राहू लागले. इतके करूनही आघाडीवरच्या धुळीत, सैनिकांच्या बुटांखाली आणि पत्र्याच्या लाटांमुळे तो पंख कागदावरच्या लॅमिनार आकड्यांजवळ क्वचितच गेला. विमान वेगवानच राहिले, कारण त्याच्या वेगात आकाराचा आणि रेडिएटरच्या बंदिस्त रचनेचा वाटा मोठा होता.

आता व्हॅरिईझकडे परत येऊ, कारण रंगाचा प्रश्न तिथे वेगाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. या विमानाला शेपटीऐवजी नाकाजवळ छोटा पंख असतो, कॅनार्ड. त्याचा छेद ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला, जीयू नावाने ओळखला जाणारा. लॅमिनार प्रवाह खूप मागेपर्यंत टिकेल या गृहीतावर बेतलेला. पाऊस लागला की थेंबांनी ती शिस्त पुढेच मोडायची, मागच्या भागात प्रवाह पृष्ठभागापासून सुटायचा आणि कॅनार्डची उचल घटायची. वैमानिकाला विमानाचे नाक खाली जाताना जाणवायचे, दांडी मागे ओढावी लागायची, उतरण्याचा वेग वाढायचा. हाच छेद वापरणाऱ्या क्विकी आणि ड्रॅगनफ्लाय विमानांनाही हाच त्रास. जे थेंबाने होते ते चिकटलेल्या किड्यांनीही होऊ शकते आणि रंगाच्या ओबडधोबड कडेनेही. यावर उपाय काय निघाला? आणखी चकचकीत रंग नव्हे. लाँग-ईझेडसाठी जॉन रोन्झ यांनी वेगळाच छेद रेखला, प्रवाह टर्ब्युलंट झाला तरी उचल टिकवून धरणारा. आणि 1986 च्या डिसेंबरात न थांबता, इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारणाऱ्या व्हॉयेजरच्या कॅनार्डवर तर मुद्दाम छोटे उंचवटे, व्हॉर्टेक्स जनरेटर, बसवण्यात आले. नऊ दिवस उडायचे, एकेक किलो इंधनाचा हिशेब, आणि तरीही रूटान मंडळींनी पृष्ठभाग जाणूनबुजून खडबडीत केला, कारण पावसात नाक खाली पडण्यापेक्षा थोडा जास्त रोध परवडतो. गुळगुळीतपणाला सर्वोच्च मूल्य मानणाऱ्यांनी या निर्णयाचे उत्तर द्यायला हवे.

रंगाच्या कडेचा उल्लेख वर ओझरता आला. दोनरंगी पट्ट्यांची हौस बहुतेकांना असते, आणि पट्टा म्हणजे हवेच्या वाटेतली पायरी. मास्किंग टेप लावून मारलेल्या पट्ट्याची एका हाताची जाडी 50 मायक्रॉनच्या आसपास. दोन-तीन हात झाले आणि टेप काढताना कडेला रंगाची वरंब उभी राहिली की ती दीडशेवर जाते. लॅमिनार प्रवाह वर चढणारी पायरी जास्त सहन करतो, खाली उतरणारी कमी. या बाबतीतले प्रचलित निकष ताशी 300 किलोमीटरला लावले तर चढती पायरी 0.3 मिलिमीटरपर्यंत आणि उतरती 0.15 मिलिमीटरपर्यंत खपते. म्हणजे पातळ पट्टा निरुपद्रवी, जाड पट्टा संशयित, आणि कॅनार्डच्या पुढच्या कडेला समांतर, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ओढलेला जाड पट्टा म्हणजे घरी बसवलेली अडथळ्याची तार. तोच पट्टा धडावर किंवा पंखाच्या मागच्या निम्म्यात असेल तर हवा त्याची दखलही घेत नाही, तिथे प्रवाह आधीच टर्ब्युलंट झालेला असतो. मेणाच्या पॉलिशची गंमत वेगळीच. मेण लावलेल्या पृष्ठभागावर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात. बारीक पेपरने घासलेल्या पृष्ठभागावर पाणी पातळ पसरते. पावसात या दोहोंपैकी अधिक खडबडीत पंख मेणाचाच.

दुसऱ्या बाजूलाही एक टोक आहे, आणि तिथले लोक गोल्फच्या चेंडूकडे बोट दाखवून म्हणतात की खडबडीतपणानेच रोध कमी होतो, तेव्हा रंगाची पर्वाच नको. हा युक्तिवाद क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला तरी पटू नये. वेगवान गोलंदाज चेंडूची एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतो आणि शिवण तिरकी धरतो. शिवणीच्या बाजूचा सीमाथर टर्ब्युलंट होऊन चेंडूला जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो, चकचकीत बाजूचा लॅमिनार थर लवकर सुटतो, आणि चेंडू स्विंग होतो. चेंडू हा बोजड आकार आहे. त्याचा जवळजवळ सगळा रोध मागे सुटलेल्या प्रवाहातून येतो, म्हणून प्रवाह चिकटून राहिला की रोध घटतो. पंखाचा आकार मुळातच प्रवाह न सुटण्यासाठी घडवलेला असतो आणि त्याचा रोध बहुतांश घर्षणाचा, त्यामुळे तिथे खळ्या पाडल्या तर घर्षण तेवढे वाढेल. शार्कच्या कातडीचेही तसेच. लुफ्तान्झा टेक्निक आणि बीएएसएफ यांनी विकसित केलेली खाचांची फिल्म प्रवासी विमानांवर सुमारे एक टक्का इंधन वाचवते, पण त्या खाचा मोजून कोरलेल्या, प्रवाहाच्या दिशेला समांतर असतात. कंप्रेसरचा दाब चुकल्यामुळे आलेल्या ऑरेंज पीलला, म्हणजे संत्र्याच्या सालीसारख्या पोताला, शार्कची कातडी म्हणणे ही रंगाऱ्याची पळवाट आहे.

शेवटी अनुभवाचा दाखला उरतो: रंग दिल्यावर विमान ताशी दहा किलोमीटरने वाढले, असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांना खोटे ठरवायचे कारण नाही, पण त्यांचा हिशेब मात्र तपासावा लागतो. त्याच शक्तीला वेग हा रोधाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रोध तीन टक्के घटला तर वेग फक्त एक टक्का वाढेल, तीनशेचा तीनशे तीन. ताशी दहा किलोमीटर वाढायला एकूण रोध जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी व्हावा लागेल, आणि निव्वळ चकाकीतून एवढी घट येण्याची वाट वरच्या आकड्यांनी बंद केलेली आहे. मग वाढलेला वेग आला कुठून? रंगकामासाठी विमान सुटे होते, आणि जोडताना चाकांची आवरणे नीट बसतात, दारांच्या फटी बुजतात, पंखांच्या मुळाशी फेअरिंग येते, एलेरॉनचा कल सुधारतो. शिवाय आधीची नोंद दुपारच्या उन्हातली आणि नंतरची थंड सकाळची असेल, तर हवेच्या घनतेचा फरक कोणी वजा केलेला नसतो. एकाच घनता-उंचीला, वाऱ्याचा परिणाम काढून टाकण्यासाठी वेगवेगळ्या दिशांना उडून, जीपीएसने मोजल्याशिवाय असा दावा करू नये. माईक आर्नल्ड यांच्या एआर-5 या एक आसनी विमानाने 1992 साली 65 अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी 213 मैलांचा विक्रम केला. त्याची त्वचा सुबक होतीच, पण विक्रमामागे होते ते पंख आणि धडाच्या सांध्यातले, चाकांभोवतीचे आणि इंजिन थंड करणाऱ्या हवेच्या वाटेतले चिवट काम. आणि शर्यतीची विमाने मेण लावून चकचकीत ठेवतात हा दाखला? तिथे सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो, बाकी सगळे आधीच करून झालेले असते, आणि चकाकीने नुकसान तर होत नाही. सप्ताहांताला मित्राला घेऊन उडणाऱ्याचा हिशेब तो नव्हे.

रंगाचे जे परिणाम खरोखर मोजण्यासारखे आहेत ते चकाकीच्या चर्चेत हरवतात. दोन आसनी धातूच्या विमानावर दहा-पंधरा किलो रंग सहज बसतो. त्याने समतल वेगात नगण्य फरक पडतो, पण तेवढा भार कायमचा कमी उचलता येतो. कंपोझिट विमानावर गडद रंग दिला तर उन्हात इपॉक्सी मऊ होण्याच्या तापमानाजवळ जाते. रूटान यांनी आपल्या विमानांना पांढऱ्याचाच आग्रह धरला तो यासाठी, आणि तापून पुन्हा थंड होणाऱ्या कातडीवर आतल्या विणीच्या लाटा उमटतात, ज्या लॅमिनार प्रवाहाला चमकेपेक्षा कितीतरी अधिक बाधक. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर यांवर बिजागरीच्या मागे चढलेला प्रत्येक हात त्यांचा तोल मागे नेतो, आणि तोल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला भाग वेगात फडफडू लागला, म्हणजे फ्लटर झाला, तर काही सेकंदांत तुटू शकतो. तेव्हा विमान बांधणाऱ्यांना विनंती एवढीच: पैसे आणि महिने खर्च करायचेच असतील तर पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात लांब फळीने लाटा मारण्यात करा, पट्टे धडावर काढा, चमक आपल्या आनंदासाठी हवी तेवढी ठेवा, आणि रंग वाळला की पहिल्या उड्डाणाआधी सगळे हलते भाग उतरवून पुन्हा तोलून पाहा.